समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता: भाडेपावतीच्या लेखी जोडीदार कोण लागतो?

ठाकूरद्वारची

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. विवाह हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं. अशा जोडप्यांच्या सहजीवनाला सरकारने निदान काही कायदेशीर चौकट द्यावी, हे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांचं मत तीन विरुद्ध दोन असं अल्पमतात गेलं. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. आपल्याकडे मात्र चर्चा अजून तिथेच अडकली आहे. एक म्हणतो संस्कृती बुडेल, दुसरा म्हणतो प्रेमाला बंधन नसतं. मला घराबद्दल बोलायचं आहे.

गिरगाव, लालबाग, परळ, दादर इथे आजही हजारो माणसं पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या जुन्या भाड्याच्या खोल्यांत राहतात. भाडेकरू वारला की खोली कुणाच्या नावावर होणार, हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ठरवतो. कलम ७ (१५) प्रमाणे पहिला हक्क मृत्यूच्या वेळी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाचा. तसं कुणी नसेल तर वारसाचा. आता समजा, दोन पुरुष वीस वर्षं एका खोलीत संसार करताहेत आणि पावती एकाच्या नावावर आहे. तो गेला. दुसऱ्याने पाणी भरलं, दुखणं काढलं, अर्धं भाडं दिलं, पण कायद्याच्या लेखी तो कुटुंबीय नाही आणि वारसही नाही. ज्याने वीस वर्षांत उंबरा ओलांडला नाही तो पुतण्या वारस म्हणून येऊन कुलूप लावू शकतो. आणि ही खोली म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत. उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी कर भरणाऱ्या जुन्या) इमारतीच्या पुनर्विकासात तिच्या बदल्यात किमान ३०० चौरस फुटांचं मालकीचं घर मिळतं. दक्षिण मुंबईत त्याची किंमत काय होते ते आपल्याला सांगायला नको.

केंद्र सरकारने न्यायालयात ही मागणी 'शहरी उच्चभ्रूं'ची म्हटली होती. उच्चभ्रू माणूस वकील गाठतो, ट्रस्ट करतो, दोघांच्या नावावर फ्लॅट घेतो. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. त्याला लग्नाचा दाखलाच लागतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: धर्म न पाहता नोंदणीने लग्न लावणाऱ्या १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती करून समलिंगी जोडप्यांना नोंदणी विवाह करू द्यावा. सुप्रिया सुळे यांनी १ एप्रिल २०२२ रोजी लोकसभेत नेमकं तेच सुचवणारं खासगी विधेयक मांडलं होतं. ज्यांचा विरोध आहे त्यांनी सांगावं, या नोंदणीने दुसऱ्या कुणाचं काय हिरावलं जातं?

पार्ल्याचे_आजोबा

ताई, मुद्दा मनापासून मांडला आहेत, म्हणून मीही तसंच लिहितो. २०१८ मध्ये कलम ३७७ बाबत निकाल आला, समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, तो मला योग्य वाटला. चार भिंतींआड दोन सज्ञान माणसांनी काय करावं यात पोलिसांचं काम नाही. पण विवाह चार भिंतींआडचा नाही. आपल्याकडे लग्न दोन घरांचं होतं. त्यात कुळ येतं, देवक येतं, पुढची पिढी येते. ज्या समाजाने ते नातं सांभाळायचं, त्याला विचारात न घेता वरून कायदा लादला तर तो कागदावरच राहतो.

दाखला आपल्याच इतिहासातला आहे. विधवा विवाहाचा कायदा १८५६ चा. धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं १८९३ साली, म्हणजे कायद्याला सदतीस वर्षं झाल्यावर. तरीही मुरुडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. लोकांचं मन पालटलं ते कर्व्यांच्या आयुष्यभराच्या कामामुळे. कायदा पुढे आणि समाज मागे, अशाने माणसाचं भलं होत नाही.

ठाकूरद्वारची

आजोबा, तुमचा दाखला मला फार मोलाचा वाटतो, कारण तो माझ्याच बाजूने बोलतो. मुरुडकरांनी कर्व्यांशी व्यवहार तोडला, पण त्यांचं लग्न बेकायदा ठरवू शकले नाहीत. १८५६ च्या कायद्याचं पहिलंच कलम सांगत होतं की असं लग्न अवैध नाही आणि त्यातून झालेली संतती अनौरस नाही. समाज रुसला तरी मुलांचा वारसा शाबूत राहिला. समाजाचं मन वळायला पन्नास वर्षं लागोत, पण तोपर्यंत जगायला पायाखाली जमीन हवी. ती कायदा देतो.

आणि मुंबईने समाजाची वाट कधी पाहिली? द्विभार्या प्रतिबंधाचा कायदा मुंबई प्रांतात १९४६ मध्ये झाला, हिंदूंना घटस्फोट १९४७ मध्ये मिळाला. देशाचा हिंदू विवाह कायदा आला १९५५ मध्ये. तेव्हाही घरं मोडतील म्हणून ओरड झालीच होती.

नोंदणीवकील

लघुवाद न्यायालयात भाडेकरूंचे दावे चालवते, म्हणून थोडी भर.

खोलीबद्दल वर लिहिलंय ते बरोबर आहे, उलट परिस्थिती त्याहून बिकट आहे. 'मृत्युपत्र करा' हा सल्ला पागडीला लागू पडत नाही. भाडेकरूचा हक्क मृत्युपत्राने कुणाला देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच मुंबईच्या प्रकरणात सांगून ठेवलंय. म्हणजे सजग माणसाने सगळी कागदपत्रं केली तरी जोडीदाराला खोली मिळेलच असं नाही.

सोसायटीतल्या मालकीच्या फ्लॅटचं गणित वेगळं. तिथे मृत्युपत्र चालतं. नॉमिनी मात्र वारस ठरेपर्यंत तात्पुरता सभासद असतो, मालक होत नाही. अनेक जोडपी नॉमिनेशन फॉर्म भरून निर्धास्त होतात आणि पुढे भाऊबंद दारात उभे राहतात.

हयातीत बक्षीसपत्र करायचं म्हटलं, तर नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांना राहतं घर देताना मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. समलिंगी जोडीदार त्या यादीत नाही, त्याला खरेदीखतासारखं शुल्क पडतं. वर आयकर: नातेवाइकाकडून मिळालेली भेट करमुक्त, इतरांकडून वर्षाला ५०,००० रुपयांच्या पुढे गेली की करपात्र.

स्त्री-पुरुष वर्षानुवर्षं पती-पत्नीसारखे राहिले असतील तर कायदा अनेकदा त्यांचं लग्न झालंय असं गृहीत धरतो. या जोडप्यांना तो आधारही नाही.

माहीमकर

मी विरोधात लिहिणार आहे, पण धर्माच्या नावाने नाही.

वर मांडलेल्या अडचणी खऱ्या आहेत. मग त्या एकेक करून सोडवा ना. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की अशा जोडप्यांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. एका शिधापत्रिकेवर एक कुटुंब म्हणून धरण्याच्या सूचनाही राज्यांना गेल्या. या जोडप्यांच्या हक्कांसाठी कॅबिनेट सचिवांची समिती आहे. हळूहळू होतंय.

विवाह कायद्याला हात घातला की सगळी वीणच उसवते. आपला कुटुंब कायदा 'पत्नी'ला संरक्षण देण्यासाठी उभा आहे, कारण आपल्या समाजात बाई कमकुवत बाजूला असते. पोटगी, नांदवण्याचा हक्क, सासरच्या छळाविरुद्धचं कलम, सगळं त्या गृहीतावर. विशेष विवाह कायद्यात वय पुरुषाला २१ आणि स्त्रीला १८. त्या कायद्याने लग्न केलेल्या दोन हिंदूंची वारसदारी परत हिंदू उत्तराधिकार कायद्याकडे जाते. सगळीकडे 'जोडीदार' लिहीत सुटलो, तर उद्या कमावता नवरा म्हणेल, मीही तितकाच दुबळा. न्या. भट यांनी बहुमताच्या निकालात हीच भीती बोलून दाखवली आहे. बायकांनी शंभर वर्षं झगडून मिळवलेलं पातळ होऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

नोंदणीवकील

माहीमकर, भीती प्रामाणिक आहे, पण हिंदू विवाह कायद्याची कलमं २४ आणि २५ उघडून बघा. नवरा किंवा बायको, दोघांपैकी कुणीही खर्च आणि पोटगी मागू शकतं, तेही १९५५ पासून. म्हणून बायकांची पोटगी बुडाली का? न्यायाधीश कमाई, गरज, परिस्थिती बघूनच रक्कम ठरवतात. वयाचं कोडंही त्या २०२२ च्या विधेयकात सुटलंय: दोन पुरुष असतील तर २१, दोन स्त्रिया असतील तर १८. स्त्री-पुरुष विवाहातल्या पत्नीचं संरक्षण जसंच्या तसं ठेवून नवी तरतूद जोडता येते. कायदा लिहिणाऱ्यांना ते जमत नाही असं मला वाटत नाही.

रानवारा

मी समलिंगी स्त्री आहे आणि या मागणीवर माझा आक्षेप दुसऱ्या टोकाकडून आहे.

तुम्ही सगळे दोन कमावत्या, एकत्र घर थाटलेल्या माणसांबद्दल बोलताय. आमच्यातल्या बऱ्याच मुलींची लढाई त्याच्या खूप आधी सुरू होते. घरचेच कोंडून ठेवतात, फोन काढून घेतात, गावी नेऊन बोहल्यावर उभं करतात. पळून मुंबईत आली तर बाप हरवल्याची तक्रार देतो आणि पोलीस तिला शोधून परत त्याच घरात नेऊन सोडतात. अशा मुलीला विशेष विवाह कायदा देऊन काय होणार? त्यात तीस दिवसांची नोटीस आहे. नाव-पत्ता कार्यालयाच्या भिंतीवर लागतो, कुणीही येऊन वाचावा. आंतरजातीय, आंतरधर्मीय जोडप्यांचे त्या नोटिशीने काय हाल होतात ते बघतोच आहोत. आमच्या मुलींसाठी ती नोटीस म्हणजे घरच्यांना धाडलेलं आवतण.

आणि लग्नच का? दोन मैत्रिणी म्हातारपणी एकमेकींना सांभाळतात, तृतीयपंथी गुरू आणि चेले एका घरात आयुष्य काढतात, त्यांना कुटुंब का म्हणू नये? मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलं की कुटुंब उभारायला विवाह हा एकच मार्ग नाही, आणि निवडलेल्या कुटुंबाची कल्पना मान्य केली. दवाखान्यात सही कोण करणार, घर कुणाला जाणार, हे मी लिहून द्यावं आणि कायद्याने ते मानावं. आज लग्नाच्या दाराशी रांग लावली, तर ज्यांना त्या दारातून जायचं नाही ते आणखीच बाहेर पडतील.

ठाकूरद्वारची

रानवारा, नोटिशीबद्दल शंभर टक्के सहमत, ती तरतूद सगळ्यांसाठीच रद्द व्हायला हवी. पण लग्न नाकारण्याचा हक्क तुझ्या-माझ्यासारखीला तेव्हाच येतो, जेव्हा ते करता येत असतं. आज तुझा नकार आणि सरकारचा नकार यात फरकच उरत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आईच_आहे

मुलाचा जोडीदार आमच्याकडे मुलासारखाच आहे. दिवाळीला त्यालाही ओवाळते. आमच्या सोसायटीत कुणी वाकडं बोलत नाही. समाज तयार नाही असं आजोबा म्हणाले म्हणून सांगितलं.

काळजी आमच्या माघारीची आहे. आम्ही दोघं गेल्यावर आजारपणात डॉक्टर विचारतील, पेशंटचे कोण? अवयव द्यायची वेळ आली तर कायद्यातल्या जवळच्या नातेवाइकांत नवरा-बायको आहे, आईबाप, भावंडं आहेत, हा नाही. त्याला समितीपुढे जाऊन प्रेम सिद्ध करावं लागणार. ज्याने रात्र रात्र जागायचं त्याला हे का?

पार्ल्याचे_आजोबा

बाईंचं वाचून खरंच कळवळलो. आजारपण आणि घर यांबाबत कायदा हवा, माझी ना नाही. त्यासाठी कुणी निवेदन केलं तर मी सही करीन. पण विवाह म्हटलं की मूल आलं. दत्तक मूल हा पोटच्या पोराइतकाच जबाबदारीचा विषय आहे, आणि त्या मुलाला शाळेत, नातेवाइकांत काय सोसावं लागेल याचा विचार मोठ्यांच्या हक्कांआधी व्हावा. इथे मी हटणार नाही.

नोंदणीवकील

मुलाचाच विचार करू. एकट्या व्यक्तीला दत्तक घेण्याची मुभा आजही आहे, एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही एवढंच. जोडप्याला मात्र दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक नातं लागतं. परिणाम असा की घरात दोन पालक, कागदावर एक. कागदावरचा वारला की त्या पोराला कायद्याने पालकच उरत नाही, सांभाळणारा दुसरा पालक घरात उभा असूनही. सोसणं त्याला अशानेही आहेच.

तातडीचं म्हणाल तर दिल्लीकडे बघत बसायची गरज नाही. भाडे कायदा राज्याचा आहे. कलम ७ (१५) मध्ये दुरुस्ती मुंबईतच, विधान भवनात होऊ शकते. विवाह हा विषयही समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघंही कायदा करू शकतात. २०२३ मध्ये केंद्राने राज्यांची मतं मागवली तेव्हा महाराष्ट्राने वेळ मागून घेतला होता. आता उत्तर द्यावं.

रानवारा

मग दुरुस्तीत असं लिहा: भाडेकरूने लेखी नेमलेली आणि त्याच्यासोबत राहणारी कुणीही व्यक्ती. समलिंगी जोडप्यांपुरतं नको.

माहीमकर

तसं लिहिलंत तर पागडीचा बाजार मोकाट सुटेल. आज खोली हस्तांतरित करायची तर घरमालकाची संमती लागते, त्याला त्याचा वाटा द्यावा लागतो. उद्या मरणाच्या दारातल्या भाडेकरूकडून कुणीही चिठ्ठी लिहून घेईल, रेशनकार्डावर नाव चढवेल आणि 'मी सोबत राहत होतो' म्हणून उभा राहील. सोबत राहणं म्हणजे काय, कधीपासून, कोण ठरवणार? प्रत्येक खोलीमागे वीस वर्षांचा दावा लागेल, आणि त्यात खरी जोडपीच भरडली जातील.

ठाकूरद्वारची

माहीमकर, म्हणूनच मी सुरुवातीपासून नोंदणी विवाह मागते आहे. नवरा-बायकोला कुणी विचारत नाही की तुम्ही खरंच एकत्र राहत होतात का, कधीपासून, किती प्रेमाने. तारीख आणि शिक्का असलेला एक दाखला पुढे केला की घरमालक, डॉक्टर, आयकर अधिकारी, सगळे गप्प बसतात. तुम्ही म्हणता तसं एकेक परिपत्रक, एकेक दुरुस्ती करत गेलो, तर प्रत्येक ठिकाणी हीच शंका नव्याने निघणार आणि प्रत्येक ठिकाणी या जोडप्यांनी नव्याने पुरावे द्यायचे. फसवणुकीची भीती असेल, तर सगळ्यात पक्का कागद तुम्ही त्यांना नाकारताय.

भाडे कायद्यातली दुरुस्ती लगेच व्हावी, 'सोबत राहणारा जोडीदार' एवढी भर घालून. त्याचा मसुदा नोंदणीवकील यांनी लिहून दिला तर आमच्या आमदारांकडे मी स्वतः घेऊन जाते. आजोबा, तुमची सही त्यावर हवी आहे.

रानवारा

मसुद्याला मीही बसते. पण ज्या दोघी लग्न करणार नाहीत, त्यांची ओळ त्यात राहिलीच पाहिजे. त्यावर आधी बोलू.