‘लेट स्प्रिंग’मधल्या बापाचं खोटं बोलणं तुम्हाला पटतं का?

मेघमल्हार: जपानी दिग्दर्शक ओझूचा हा 1949 चा सिनेमा म्हटलं की सगळे बापाच्या त्यागाचं कौतुक करतात, मला तो त्याग वाटतच नाही. 27 वर्षांची नोरिको कामाकुरात प्रोफेसर वडलांचं सगळं बघतेय, खूष आहे, आत्या स्थळं आणतेय, आणि पोरगी बधत नाही म्हटल्यावर बाप थाप मारतो की मीच दुसरं लग्न करतोय. क्योटोच्या सहलीत परतीची बॅग भरताना ती तोंडाने सांगते, तुम्ही लग्न केलंत तरी चालेल, मला तुमच्याजवळच राहू द्या. आता तरी खरं बोला ना! तर हा मी 56 चा झालो, सुख आपोआप येत नाही, घडवावं लागतं वगैरे समजावत बसतो.

काजवा: अजिबात नाही पटलं. खरं सांगितलं असतं तर ती जन्मात हलली नसती, आणि बापामागे तिला कोण होतं? युद्धात राबवून घेतल्याने तब्येत गेलेली, आत्ता कुठे सावरतेय. आणि बापाने काय कमी भोगलं का, शेवटी एकटा सफरचंद सोलतो, साल गळून पडते, मान खाली जाते. ओझूने बापाचं काम करणाऱ्या चिशू र्‍यूला तिथे ढसाढसा रडायला सांगितलेलं, तो म्हणाला मला नाही जमणार, आणि तेच बरं झालं.

मेघमल्हार: बापाला दुःख झालं म्हणून तो बरोबर ठरत नाही हो. नवरा तर आपल्याला दाखवलेलाही नाही, नुसतं हॉलिवूडच्या गॅरी कूपरसारखा दिसतो एवढंच!

पिंपळपान: ओझूचाच 1960 चा ‘लेट ऑटम’ बघा. नोरिको झालेली तीच सेत्सुको हारा, पण इथे विधवा आई. ती मुलीला सरळ सांगते मी लग्न करणार नाही, एकटी राहीन, तरी मुलगी लग्न करतेच की. म्हणजे खरं बोलूनही जमतं.

काजवा: तिथे मुलीचं त्या मुलावर मन बसलेलं होतं. नोरिकोचं कुणावर होतं? वडलांचा मदतनीस हात्तोरी, त्याच्याबरोबर सायकलवर फिरली खरी पण त्याचं आधीच ठरलेलं.

मेघमल्हार: मग मनात कुणीच नव्हतं तर लग्न न करायची मुभा का नाही? तिची मैत्रीण आया घटस्फोट घेऊन स्टेनोग्राफरचं काम करते, स्वतःच्या पैशावर जगतेच आहे ना.

काजवा: आणि तीच आया नोरिकोला लग्न कर म्हणून मागे लागते, ते विसरलात वाटतं.