मदत हवी आहे: फिश फाइंडर घरी, बोटीच्या बॅटरीशिवाय कसा चालवावा?

खोलपाणी:
५ इंची स्क्रीनचा फिश फाइंडर (ध्वनीने पाण्याची खोली आणि मासे दाखवणारं यंत्र) आहे, जीपीएस असलेला. बोट पाण्यात नसताना घरी टेबलावर ठेवून मेनू शिकायचा आहे, वेपॉइंट (जीपीएसवर जतन करायची ठिकाणं) भरायचे आहेत आणि सॉफ्टवेअर अपडेट करायचं आहे. माहितीपत्रकात पुरवठा १० ते १७ व्होल्ट डीसी आणि ३ अँपिअरचा फ्यूज असं दिलंय. राउटरचा जुना अडॅप्टर (१२ व्होल्ट, ०.५ अँपिअर) जोडला तर कंपनीचा लोगो येतो, स्क्रीन जाते, पुन्हा लोगो येतो. हे असंच चालू राहतं.

यंत्र बिघडलंय की अडॅप्टर कमी पडतोय? पॉवर केबलमध्ये लाल-काळ्याशिवाय पिवळी, निळी, नारिंगी, हिरवी अशा वायरी आहेत, त्यांचं काय करायचं? आणि ट्रान्सड्यूसर (पाण्यात ध्वनी सोडून प्रतिध्वनी पकडणारा भाग) जोडलेला ठेवला तर चालेल का?

तांब्याची_तार:
लक्षणं अडॅप्टर कमी पडण्याचीच आहेत. बॅकलाइट आणि प्रोसेसर एकदम चालू होतात तेव्हा यंत्र नेहमीपेक्षा जास्त करंट ओढतं. ०.५ अँपिअरचा अडॅप्टर तिथे दमतो, व्होल्टेज १० च्या खाली जातं आणि यंत्र स्वतःला बंद करतं. भार सुटला की व्होल्टेज पुन्हा वर येतं, यंत्र पुन्हा सुरू होऊ पाहतं. तुम्हाला दिसतंय ते हेच चक्र.

१२ व्होल्ट, २ अँपिअरचा स्विचिंग प्रकारचा (हलका, व्होल्टेज स्थिर ठेवणारा) बंद डब्यातला अडॅप्टर घ्या. ५ इंची यंत्र चालू स्थितीत साधारण अर्धा ते एक अँपिअर घेतं, म्हणजे २ मध्ये सुरुवातीचा झटकाही निभावतो. ७ ते ९ इंचीला ३ अँपिअर, १२ इंचीला ५ अँपिअरचा. अँपिअर जास्त असल्याने यंत्राला काही होत नाही, ते हवा तेवढाच करंट ओढतं. जुळायला हवेत ते व्होल्ट. 'मोठा अडॅप्टर लावला तर जळेल' ही भीती बऱ्याच जणांना असते, ती विनाकारण आहे.

जोडणी अशी करा:

१. अडॅप्टरची पिन कापू नका. बहुतेक अडॅप्टरला ५.५ × २.१ मिमीची पिन असते. तिला बसणारं, मागे दोन स्क्रू असलेलं मादी कनेक्टर मिळतं, त्यावर + आणि − छापलेलं असतं.
२. यंत्र जोडण्याआधी अडॅप्टर लावून मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. लाल टोक + ला, काळं − ला. आकड्याआधी उणे चिन्ह आलं तर पोलॅरिटी (+ आणि − ची बाजू) उलटी आहे. छापलेल्या खुणेवर विसंबू नका, पिनच्या मध्यभागी − असलेले अडॅप्टरही असतात.
३. अडॅप्टर बंद करा. यंत्राची लाल वायर फ्यूजमार्गे + ला, काळी − ला. फ्यूज घरीसुद्धा ठेवायचाच. उलट पोलॅरिटीपासून काही यंत्रांना आतून संरक्षण असतं, काहींना नसतं.
४. आधी केबल यंत्रात बसवा, मग अडॅप्टरचं बटण चालू करा.

गळ_आणि_दोरी:
एवढं कशाला? लॅपटॉपचा चार्जर लावा, करंट भरपूर असतो. नाहीतर गाडीच्या बॅटरीचा चार्जर, तो तर १२ व्होल्टचाच असतो.

तांब्याची_तार:
दोन्ही नकोत. लॅपटॉपचा चार्जर बहुधा १९ ते २० व्होल्टचा असतो आणि धागाकर्त्याच्या यंत्राची मर्यादा १७ आहे. काही यंत्रं २० व्होल्टपर्यंत घेतात, पण तिथेही अगदी काठावर कशाला जायचं?

बॅटरी चार्जरची गोष्ट वेगळी. नवीन चार्जर समोर बॅटरी दिसल्याशिवाय आउटपुटच देत नाहीत. जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्यांतून सपाट डीसी येत नाही, लाटांसारखं येतं. मीटर त्याची सरासरी १२-१३ दाखवतो, पण शिखर १८-२० च्या आसपास असू शकतं. बॅटरी जोडलेली असते तेव्हा ती या लाटा पोटात घेते, नुसत्या यंत्राला ते जमत नाही. जुन्या, जड, रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) नसलेल्या अडॅप्टरचंही तेच: लेबलवर १२, भार नसताना १६-१७.

खोलपाणी:
धन्यवाद. माझा ०.५ वाला अडॅप्टर मीटरवर १२.१ दाखवतो. म्हणजे तो चांगला आहे ना?

तांब्याची_तार:
भार नसताना घेतलेलं माप फक्त एवढंच सांगतं की तो मेलेला नाही. मीटर जोडलेला ठेवून यंत्र चालू करा. लोगो येताना आकडा ९-१० कडे घसरला तर निदान पक्कं. साधा मीटर सावकाश वाचतो, त्यामुळे खरी घसरण दिसते त्याहून खोल असते. नवीन अडॅप्टरवर आकडा ११.८ च्या वर टिकला पाहिजे. बऱ्याच यंत्रांत सिस्टिम माहितीच्या पानावर येणारं व्होल्टेजही दिसतं, ते मीटरशी ताडून पाहा. तिथे अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर जोड सैल आहे किंवा प्लगच्या पिना गंजल्या आहेत.

वायरमन_दर्यावर्दी:
बाकीच्या वायरींबद्दल. बहुतेक त्या जीपीएस, रेडिओ वगैरेंशी माहितीची देवाणघेवाण करायला किंवा बाहेरच्या अलार्मसाठी असतात. घरी त्यांची गरज नाही. प्रत्येकीचं टोक वेगवेगळं टेपने किंवा हीट श्रिंकने (तापवल्यावर आवळणाऱ्या नळीने) झाका. सगळ्या एकत्र पिळून एकच टेप गुंडाळू नका, आतल्या आत शॉर्ट होतात. काही कंपन्यांच्या केबलमध्ये पिवळी वायर यंत्र जागं करण्यासाठी असते. ती + ला जोडली की वीज येताच यंत्र आपोआप चालू होतं, मोकळी ठेवली तर बटणाने. पण रंगांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, तुमच्या माहितीपत्रकातला तक्ता पाहिल्याशिवाय ती कुठेही जोडू नका.

एलईडी पट्ट्यांसाठी येतो तो जाळीदार पत्र्याचा पॉवर सप्लाय घेऊ नका. त्याची घरच्या विजेची टर्मिनल्स उघडी असतात, टेबलावर हात लागायला वेळ लागत नाही.

अडॅप्टरऐवजी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरीही चालेल. ०.६ अँपिअरच्या भाराला निम्मी क्षमता वापरली तरी पाच-सहा तास मिळतात. लिथियम घ्यायची तर चार सेलची लोह-फॉस्फेट घ्या. तीन सेलचा साधा लिथियम-आयन पॅक १२.६ वरून ९ पर्यंत उतरतो, म्हणजे त्याचा शेवटचा भाग यंत्र वापरूच देणार नाही.

खोलपाणी:
ट्रान्सड्यूसरचं राहिलं. बादलीत बुडवून ठेवला तर खोली दाखवेल का?

पिंग२००:
शिकण्यासाठी तो काढूनच ठेवा आणि सेटिंगमध्ये सिम्युलेटर चालू करा. खोटा तळ, खोटे मासे दिसतात, पण मेनू, संवेदनशीलता, झूम सगळं हाताळता येतं. काही यंत्रं ट्रान्सड्यूसर जोडलेला दिसला की सिम्युलेटरमध्ये जातच नाहीत, हेही काढून ठेवण्याचं एक कारण. बोटीवर नेण्याआधी सिम्युलेटर बंद करायला विसरू नका, नाहीतर किनाऱ्यावर उभ्या बोटीत २० मीटर खोली दिसत राहील.

ट्रान्सड्यूसर जोडूनच पाहायचा असेल तर हवेत चालू ठेवू नका. त्याची उष्णता पाणी वाहून नेतं. लहान ट्रान्सड्यूसरला मिनिटभराने काही होत नाही, पण ६०० वॅट-१ किलोवॅटचे तापून खराब होऊ शकतात. बादलीत खोली मोजली जाणार नाही. पाणी अर्धा मीटरही नसतं आणि ध्वनी बादलीच्या भिंतींवर आपटून परत येत राहतो, त्यामुळे रेघा किंवा भलताच आकडा दिसतो. याला बिघाड समजू नका. बादलीत तपासायचं ते एवढंच: बारीक टिक-टिक ऐकू येते का, आणि पाण्याचं तापमान बरोबर दिसतं का (तापमान सेन्सर असेल तर).

स्क्रीनवर उभे ठिपके किंवा रेघा दिसल्या तर तो अडॅप्टरच्या स्विचिंगचा गोंगाट (विजेतला व्यत्यय) असू शकतो. बॅटरीवर तेच पाहा, गेल्या तर ट्रान्सड्यूसर निर्दोष.

जीपीएस घरात उपग्रह पकडणार नाही, खिडकीजवळ ठेवा आणि पहिल्या वेळी दहा-पंधरा मिनिटं द्या. अपडेट करताना मध्येच वीज गेली तर यंत्र अडकून बसतं, म्हणून ते बॅटरीवर किंवा यूपीएसवर करा. मेमरी कार्ड ३२ जीबी किंवा त्याहून लहान, फॅट३२ (फाइली साठवण्याची पद्धत) मध्ये फॉरमॅट केलेलं घ्या आणि त्याआधी वेपॉइंट दुसऱ्या कार्डवर उतरवून ठेवा. काही यंत्रांत अपडेटनंतर ते पुसले जातात.