मदत हवी आहे : गरोदरपणात वाढलेला सीआरपी कसा वाचावा?

माझ्या धाकट्या बहिणीला सव्विसावा आठवडा सुरू आहे. पहिल्या खेपेस चौतिसाव्या आठवड्यात तिचा रक्तदाब 160/110 वर गेला, लघवीतून प्रथिने जाऊ लागली आणि प्री-एक्लॅम्पसियाचे निदान होऊन सिझेरियन करावे लागले; तेव्हापासून रिपोर्टमधला आकडा न् आकडा मी वाचते. परवाच्या रिपोर्टमध्ये तीन आकडे ठळक छापून आले आहेत : ईएसआर (तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग) 52, पांढऱ्या पेशी 12,800 आणि सीआरपी (शरीरात दाह असला की रक्तात वाढणारे प्रथिन) 11. रक्तदाब मात्र 118/74 आहे आणि लघवीत प्रथिने नाहीत.

पहिल्या दोन आकड्यांची मला फारशी धास्ती वाटत नाही. गरोदरपणात रक्तातले फायब्रिनोजेन हे रक्त गोठायला मदत करणारे प्रथिन वाढते, त्यामुळे तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून लवकर खाली बसतात आणि ईएसआर आपोआप चढतो. पांढऱ्या पेशीही वाढतातच. शेजारच्या रकान्यात छापलेली मर्यादा गरोदर नसलेल्यांची आहे, हे तिथे कुठेच लिहिलेले नसते, याचे मला खरोखर वाईट वाटते.

अडले आहे ते सीआरपीपाशी. इंटरल्युकिन-6 या दाहाची वर्दी देणाऱ्या प्रथिनाचा इशारा मिळाला की यकृत तो तयार करते, आणि हा इशारा जंतुसंसर्गातून येतो तसाच शरीरातल्या चरबीतूनही येतो. बहिणीचे वजन पहिल्यापासूनच जास्त आहे. प्री-एक्लॅम्पसियात वारेला रक्त नीट पोहोचत नाही, तिच्यातून सुटलेले सूक्ष्म कण आईच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर चेतवतात आणि दाह वाढतो. या आजाराचे संशोधक रेडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये मांडले होते की हा दाह काही वेगळा नसतो, प्रत्येक निरोगी गरोदरपणात असतो तोच हाताबाहेर गेलेला असतो. तसे असेल, तर एकट्या 11 या आकड्यावरून बहीण निरोगी गरोदरपणाच्या बाजूला आहे की आजाराच्या, हे कसे ओळखायचे?

प्रसूतिशास्त्रात किंवा पॅथॉलॉजीत काम करणाऱ्यांना माझे विचारणे असे आहे की, रक्तदाब ठीक असताना सीआरपी दर पंधरवड्याला तपासत राहण्यात काही अर्थ आहे का, की आधी लघवीचे कल्चर करून संसर्ग नाही ना, एवढेच पाहावे? एसएफएलटी-1 आणि पीएलजीएफ या वारेतून रक्तात येणाऱ्या दोन प्रथिनांचे गुणोत्तर 38 किंवा त्याखाली असेल, तर पुढच्या आठवडाभरात हा आजार उद्भवण्याची शक्यता फार कमी असते, असे वाचले; पण ती तपासणी लक्षणांमुळे शंका आलेल्या स्त्रियांसाठी आहे. केवळ पूर्वेतिहास असलेल्या, लक्षणे नसलेल्या स्त्रीला ती सुचवली जाते का? कमी मात्रेचे ॲस्पिरिन तेराव्या आठवड्यापासून चालू आहे. डॉक्टरांची भेट दहा दिवसांनी आहे. त्यांना नेमके काय विचारावे, हेही कृपया सांगावे.