मदत हवी आहे : सकागावियाच्या कामाला मराठीत काय म्हणावे?

सप्रेम नमस्कार. अमेरिकेच्या पश्चिम भागाचा शोध घेणाऱ्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेवर (१८०४–०६) आठवीच्या मुलांसाठी लेख लिहिताना मी सकागाविया या शोशोनी (तिथली एक मूळ रहिवासी जमात) स्त्रीपाशी अडले आहे. ‘वाटाड्या’ हा शब्द पुल्लिंगी वाटतो, आणि ‘मार्गदर्शिका’ म्हटले की परीक्षेचे पुस्तक डोळ्यांपुढे येते.

शिवाय तिने सगळी वाट दाखवली, हेही खरे नाही. ऑगस्ट १८०५ मध्ये बीव्हरहेडचा खडक तिने ओळखला आणि जुलै १८०६ मध्ये परतीच्या वाटेवर क्लार्कला खिंड सुचवली, एवढे निश्चित. तिचे मोठे काम दुभाषीचे होते. १७ ऑगस्ट १८०५ रोजी शोशोनींशी बोलणी सुरू झाली तेव्हा इंग्रजी वाक्य आधी फ्रेंचमध्ये, मग तिचा नवरा शार्बोनो याच्या तोंडून हिदात्सा या दुसऱ्या जमातीच्या भाषेत आणि शेवटी तिच्याकडून शोशोनीत पोचत होते. आणि समोरचा प्रमुख कामेआवेट हा आपला भाऊच आहे हे लक्षात येताच ती धावत गेली, त्याच्यावर आपली घोंगडी टाकून रडली, आणि मग पुन्हा भाषांतराला बसली. पाठीवर सहा महिन्यांचे मूल होते. हा प्रसंग मला कोरडा होऊ द्यायचा नाही.

‘वाटाडी’ हे स्त्रीलिंगी रूप आपल्या भागात कोणी बोलताना ऐकले आहे का? तसेच हिदात्सा उच्चारानुसार ‘साकाकाविया’ लिहावे की रूढ ‘सकागाविया’च ठेवावे, याबद्दल जाणकारांनी कृपया सकारण मत द्यावे.