‘तोलाई’ ही वस्तू का क्रिया? आणि ऑब्जेक्टला मराठीत म्हणायचं काय

गूळबाजार:
मंडळी एक शब्द अडलाय. आमचं मार्केट यार्डात गुळाचं अडत दुकान आहे, बाबा बघतात, आणि मी संध्याकाळी एक कोर्स करतोय त्यात धंद्याच्या कामाचं ऑब्जेक्ट ओरिएंटेड मॉडेल कसं करायचं ते शिकवतात. सर म्हणाले आधी तुमच्या धंद्यात काय काय होतं ते साध्या मराठीत लिहून काढा, मग नामांखाली एक रेघ मारा, ती झाली ऑब्जेक्ट, क्रियापदांखाली दोन रेघा, त्या झाल्या त्यांच्या कृती. मी लिहिलं, “शेतकरी गुळाचे रवे घेऊन येतो, हमाल उतरवून घेतात, सौदा निघतो, व्यापारी बोली लावतात, मग तोलाई होते, हमाली तोलाई कापून आम्ही पट्टी करतो.” (पट्टी म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या पैशाच्या हिशोबाचा कागद.) आता तोलाईखाली रेघा किती मारू? व्याकरणात नाम, पण खरं बघितलं तर ते काम आहे, आणि त्याच वाक्यात पुढं ती कापून घ्यायची रक्कम झालीय. बाबांना विचारलं तर म्हणाले तोलाई म्हंजे तोलाई, त्यात विचारायचं काय. दुसरं म्हणजे ऑब्जेक्ट ओरिएंटेडला वस्तुनिष्ठ म्हटलेलं चालतं का? नोट्समध्ये तेच छापलंय.

पेन्शनर मास्तर:
वस्तुनिष्ठ नको बाबा. वस्तुनिष्ठ म्हणजे आपलं मत बाजूला ठेवून बघणं, त्याच्या विरुद्ध व्यक्तिनिष्ठ. पोरांना तर वस्तुनिष्ठ म्हटलं की चार पर्यायांचे प्रश्न आठवतात. इथं अर्थ ‘वस्तूला मध्ये धरून विचार करणं’ असा आहे तेव्हा वस्तुकेंद्री म्हण. आता वस्तू म्हटल्यावर शेतकरी कसा काय वस्तू हा प्रश्न येणारच, त्याला इलाज नाही. गंमत अशी की व्याकरणात ऑब्जेक्टला आपण कर्म म्हणतो, ज्याच्यावर क्रिया होते ते. आणि मराठीच्या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माचंच ऐकतं. हमालानं रवा उतरवला, हमालानं ढेप उतरवली, हमालानं पोतं उतरवलं. हमाल तोच, पण क्रियापद बदललं ते कर्म बघून! मला तुमच्या विषयातलं काही कळत नाही पण क्रिया ही वस्तूच्या मालकीची असं तुमचे सर म्हणत असतील तर मराठीला ते आधीपासून ठाऊक आहे.

फाउंड्रीवाला:
मास्तर नाद खुळा 🙏 मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत ओतकामात आहे. ऑब्जेक्टच्या भाषेत एका जातीच्या सगळ्या ऑब्जेक्टचा जो नमुना त्याला क्लास म्हणतात, त्या क्लासला काही जण ‘साचा’ म्हणतात ते मला पटत नाही. आमच्याकडं साचा वाळूचा, रस ओतला, थंड झाला की फोडून टाकायचा, एका ओतीत त्याचा खेळ संपला. टिकतो तो पॅटर्न. एका पॅटर्नवर शेकडो कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, निघतात आणि प्रत्येकाचं नशीब वेगळं, एकात ब्लोहोल म्हणजे आत पोकळी निघते दुसरं चकाचक, हीट नंबर (कुठल्या रसातलं ते) वेगळा. मग पॅटर्न म्हणजे क्लास आणि कास्टिंग म्हणजे ऑब्जेक्ट, इतकं सरळ आहे.

आता आधी प्रोसेस म्हणजे कामाचा ओघ मांडायचा का ऑब्जेक्ट, यावर एक सांगतो. मागं ज्या कारखान्यात होतो तिथं सॉफ्टवेअर आलं, त्यात सगळा नुसता ओघ मांडलेला, मोल्डिंग मग मेल्टिंग मग फेटलिंग (कास्टिंग साफ करणं) मग इन्स्पेक्शन मग डिस्पॅच, डिस्पॅच झालं की गाडी गेटाबाहेर आणि विषय संपला. एकदा गिऱ्हाइकानं मशिनिंग करताना पोकळी निघाली म्हणून माल परत पाठवला, तर तो घ्यायचा कुठं? ओघात मागं यायला वाटच नव्हती. शेवटी स्टोअरवाल्यानं नवीन माल आला म्हणून नोंदवला, म्हणजे आमचंच कास्टिंग आम्ही खरेदी केलं 😀 महिनाअखेरीला हिशोब जुळवता जुळवता लोकं रडकुंडीला आली. त्यापेक्षा आधी कास्टिंग हे ऑब्जेक्ट धरून त्याच्या अवस्था लिहिल्या असत्या, ओतलेलं, साफ केलेलं, पास, पाठवलेलं, परत आलेलं, तर पाचवी अवस्था कुणाच्या तरी डोक्यात आली असती का नाही?

पुण्यात अडकलेली:
आली असती. मी हेच काम करतो, दिवसभर लोकांना विचारत बसायचं की मग पुढं काय होतं. बऱ्याच जणांना वाटतं ऑब्जेक्ट हे प्रोग्रामरचं खूळ, ते धंद्याला लावलं. खरं तर उलटं आहे. नॉर्वेत ओस्लोला क्रिस्टन न्यूगार्ड आणि ओले-योहान दाल यांना कामं, रांगा, ये-जा यांची हुबेहूब नक्कल कॉम्प्युटरवर करायची होती, त्यातनं सिम्युला ही प्रोग्रामिंगची भाषा आली आणि १९६७ च्या सिम्युलात क्लास, ऑब्जेक्ट सगळं होतं. म्हणजे मॉडेल करता करताच ऑब्जेक्ट सापडलं. यूएमएलच्या, म्हणजे अशी मॉडेल काढायच्या ठरलेल्या पद्धतीच्या, आकृत्या ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं १९९७ साली मान्य केल्या, त्या नंतरच्या.

आणि शब्दाचं म्हणाल तर ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ हा शब्द ज्यांनी काढला ते कॉम्प्युटर शास्त्रज्ञ अॅलन केच १९९८ मध्ये म्हणाले की या विषयाला ‘ऑब्जेक्ट’ हा शब्द काढला याचं वाईट वाटतं, लोकं वस्तूला धरून बसली, खरी गोष्ट आहे वस्तूंनी एकमेकींना धाडलेले निरोप.

पेन्शनर मास्तर:
काम ‘करतो’? ताई ना तुम्ही?

पुण्यात अडकलेली:
कोल्हापूरची हाय मास्तर, आम्ही आलो गेलोच म्हणतो, पुण्यात रोज हेच सांगावं लागतं.

तर भावा तुझी तोलाई. मराठीत असे शब्द कामाचं पण नाव असतात आणि त्या कामाच्या पैशाचं पण. शिलाई, धुलाई, हमाली. टेलरला शिलाई चांगली आहे म्हण आणि शिलाई किती झाली विचार, दोन वेगळ्या गोष्टी. म्हणून नामाखाली रेघ हा नियम मराठीत फसतो. तोलाई खोड आणि दोन नावं लिही. एक वजननोंद, कुठल्या शेतकऱ्याचे किती रवे, किती भरले, कधी तोलले. दुसरी कपात, ती पट्टीतली एक ओळ. तोलणं ही क्रिया वजननोंद तयार करते, बास. सौद्याचं पण तेच, सौदा ‘निघतो’ तो एक कार्यक्रम आणि सौदा ‘ठरतो’ तो व्यवहार.

तीस किलोचा रवा आणि एक किलोची ढेप यांना मात्र वेगळे क्लास काढू नको, वजन हा नुसता गुण आहे. नवशिके तिथं हमखास वारसा, म्हणजे एका क्लासपासून दुसरा क्लास काढणं, लावत बसतात.

गूळबाजार:
हे भारी. मग हमाली किती कापायची हे कुणाला माहीत असावं, मी तर एका मोठ्या ‘हिशोब’ नावाच्या चौकटीत सगळे दर कोंबलेत.

पुण्यात अडकलेली:
पट्टीला. बाहेरच्यानं तिला एवढंच विचारायचं की शेतकऱ्याच्या हातात किती पडणार, आत ती काय वजा करते ते तिचं तिला. एनकॅप्स्युलेशनला लोकं संपुटीकरण वगैरे म्हणतात, मी ‘झाकली मूठ’ म्हणतो, क्लायंटला पण लगेच कळतं.

फाउंड्रीवाला:
आणि पॉलिमॉर्फिझम म्हणजे बहुरूपी का?

पुण्यात अडकलेली:
नको. बहुरूपी म्हणजे माणूस एक आणि सोंगं अनेक. इथं निरोप एक आणि ऐकणारे वेगळे. ‘आवर’ म्हटलं की पोरगं दप्तर भरतं आणि दुकानदार शटर ओढतो, तसं.

गूळबाजार:
रात्री नवीन कागद बाबांना दाखवला. वजननोंद, कपात, पट्टी, बाण बिण सगळं. चष्मा वर करून पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, “तोललं कुणी ते कुठाय? भांडण लागलं की शेतकरी पहिलं तेच विचारतो.” तोलणारा माणूसच राहिलाय माझ्या मॉडेलमध्ये. वाक्यात तो नव्हताच ना, “तोलाई होते” एवढंच लिहिलेलं, मग रेघ मारणार कुठं.