लोअर परळच्या क्लबात पहिला गिग: आवाज, करार, कपडे आणि परतीची गाडी

पंचगंगाकाठ विचारतो:

कोल्हापूरचा चार जणांचा बँड आहे. ड्रम, बेस, इलेक्ट्रिक गिटार, आणि गाणारा मधून मधून ढोलकी वाजवतो. दोन गाण्यांना लॅपटॉपवरून ट्रॅक. सगळी गाणी आमचीच, मराठी. एक जुनं गाणं आमच्या ढंगात घेतो. आजवर कॉलेजात आणि गणपतीत मोकळ्यावर वाजवलंय. आता लोअर परळला गिरणीच्या आवारातल्या दीडशे-दोनशे माणसांच्या क्लबात गुरुवारी रात्री साडेनऊचा ४५ मिनिटांचा स्लॉट मिळालाय. आमच्या आधी एक बँड, नंतर डीजे. विचारायचं ते असं: सामान काय न्यायचं, साउंडचेकला काय सांगायचं, पैशांचं काय लिहून घ्यायचं, तिथल्या गर्दीत वेड्यासारखे दिसणार नाही असं काय घालायचं आणि रात्री परतायचं कसं? ड्रमर २० वर्षांचा आहे, त्याची काही अडचण?

मिक्सरमागचा:

मैदानात आवाज पुरत नाही, खोलीत तो उरतो. तुमची सगळी सवय उलटी करावी लागेल.

एवढ्या जागेत स्नेअर (ड्रमसेटमधला कडक वाजणारा छोटा ड्रम) आणि झांजा माइक न लावताही पहिल्या रांगेत १०० डेसिबलच्या आसपास जातात. त्यावर गिटारवाला अँप वाढवतो, मग बेसवाला. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज येईना की तो मॉनिटर (वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेला स्पीकर) वाढवायला सांगतो. मॉनिटरमधला आवाज परत माइकात शिरतो आणि शिट्टी सुरू. लोक इंजिनिअरला शिव्या देतात, पण स्टेजवरून थेट येणारा आवाज मिक्सरमधून जातच नाही, तो कमी करणार कसा? म्हणून ड्रमरनं ५बी काठ्या सोडून बारीक, हलक्या ७ए घ्याव्यात आणि झांजांवर हात आवरावा. गिटारला १५ वॅटचा व्हॉल्व्ह अँप भरपूर झाला. तो जमिनीवर ठेवू नका, खुर्चीवर तिरका करून गिटारवाल्याच्या कानाकडे तोंड करा. जमिनीवरचा अँप गुडघ्यांना ऐकू येतो आणि पहिल्या टेबलाला सोलून काढतो.

तुमची चॅनलची यादी अशी होते, कंसात धावती बेरीज: किक म्हणजे पायानं वाजणारा मोठा ड्रम, स्नेअर, दोन टॉम, दोन ओव्हरहेड म्हणजे झांजांवरचे माइक (६), बेस डीआयमधून, म्हणजे वाद्य थेट मिक्सरला जोडणाऱ्या डबीतून (७), गिटार (८), ढोलकी दोन (१०), लॅपटॉप दोन (१२), मुख्य गाणं (१३), मागचं गाणं (१४). ही यादी, वरून दिसेल तसा स्टेजचा नकाशा आणि कुणाला मॉनिटरमध्ये काय हवं हे एका पानावर लिहून आठवडाभर आधी पाठवा. मिक्सरनं माइकला द्यायचे ४८ व्होल्ट कुठे लागतात तेही लिहा. कंडेन्सर माइकना लागतात, तेव्हा बहुधा ओव्हरहेडच.

ड्रमसेट क्लबचा असतो, पण स्नेअर, झांजा आणि किकचं पेडल आपापलं न्यायचं. यालाच ब्रेकेबल्स म्हणतात. आधीच्या बँडकडे तिथे जाऊन मागायची वेळ आणू नका. सोबत तारांचा जादा सेट, दोन जादा केबल, पाच सॉकेटचा एक्स्टेन्शन बोर्ड आणि काळी गॅफर टेप (गोंद मागे न ठेवणारी कापडी टेप). ब्राउन पॅकिंग टेप नको, तिचा गोंद केबलला कायमचा चिकटतो.

लॅपटॉपवर सगळ्यात जास्त गिग मरतात. हेडफोनच्या भोकातून ३.५ मिमीची स्टिरिओ पिन थेट एका बॅलन्स्ड (दोन तारांतला फरकच घेणाऱ्या) इनपुटला लावली तर डाव्यातून उजवं वजा होतं आणि जे दोन्हीकडे सारखं आहे तेच गायब होतं. म्हणजे बेस आणि किक! एका टोकाला ३.५ स्टिरिओ, दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना अशी केबल आणि दोन डीआय लागतात. चार्जर लावल्यावर घूं आवाज आला तर तो ग्राउंड लूप आहे, म्हणजे अर्थिंगच्या दोन वाटांतून फिरणारा करंट. आधी डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा, तरी गेला नाही तर तेवढी दोन गाणी बॅटरीवर चालवा. प्लगची अर्थिंगची पिन काढायचा जुगाड मात्र कधीही करू नका, गाणाऱ्याचे ओठ माइकला आणि हात तारांना असतात.

ढोलकीबद्दल दोन गोष्टी. एक, बाहेरच्या दमट हवेतून एसीत आल्यावर कातडं सुकून ताणतं आणि सूर चढतो. किमान अर्धा तास ती त्याच खोलीत पिशवीबाहेर राहू दे, मगच लावा. दोन, शाईच्या बाजूला आणि धूमच्या (खर्जाच्या) बाजूला वेगळे माइक, साधारण चार बोटं अंतरावर. दोन्ही चालू केल्यावर धूम पोकळ वाटली तर एका चॅनलची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे दिशा) उलटून बघा आणि जिथे भरीव लागते तिथे ठेवा. धूम मॉनिटरमध्ये मागू नका, घुमायला तीच आधी लागते.

माइक साधा कार्डिऑइड, म्हणजे पाठीमागचं न ऐकणारा (एसएम५८ वगैरे) असेल तर मॉनिटर बरोबर त्याच्या पाठीमागे. सुपरकार्डिऑइड असेल तर तो पाठीमागूनही थोडं ऐकतो, मॉनिटर तिरके ठेवावे लागतात. आणि जाळी मुठीत धरू नका. दिसायला झकास, पण माइक मग चारही बाजूंनी ऐकू लागतो.

साउंडचेक बहुतेक ठिकाणी उलट्या क्रमानं होतो: शेवटी वाजवणारा आधी, पहिला वाजवणारा सगळ्यात शेवटी, म्हणजे त्याची मांडणी हलत नाही. तुम्ही दुसरे आहात, तर तुमचा आधी होईल. त्यांनी चार म्हटलं तर साडेतीनला दारात हवेत. क्रम किक, स्नेअर, टॉम, ओव्हरहेड, बेस, गिटार, ढोलकी, लॅपटॉप, गाणं. इंजिनिअर किक मागतो तेव्हा फक्त किक, बाकीच्यांनी हात खाली. शेवटी सगळ्यात गजबजलेलं गाणं अर्धं वाजवा, आवडतं नव्हे. गिटारचे पेडल (पायानं दाबायची, आवाज बदलणारी खोकी) आणि अँपच्या जागेवर टेपच्या खुणा करा, अँपच्या बटणांचा फोटो घ्या, डिजिटल मिक्सर असेल तर सीन (तुमची सगळी मांडणी) सेव्ह करायला सांगा. रिकामी खोली फार गुंजते, त्यानं घाबरू नका. माणसं भरली की वरचा आवाज ती पिऊन टाकतात.

कानात प्लग घाला. १०० डेसिबलला सुरक्षित वेळ १५ मिनिटं धरतात, तुमचा सेट ४५ चा आहे.

तिकीटखिडकी:

आवाजाचं वर आलंय, मी पैशांचं सांगतो. स्टॅम्प पेपर कुणी करत नाही, पण ईमेलवर स्पष्ट हो आलेलं असलं पाहिजे. फोनवरचं "बघू, होऊन जाईल" म्हणजे काही नाही.

ठरावीक रक्कम मिळणार की तिकिटातला वाटा, हे आधी. वाटा असेल तर "कशातला" हे विचारा. समजा ४०० ची ८० तिकिटं गेली, ३२,००० जमले. त्याचे ७० टक्के थेट धरले तर २२,४००. पण "खर्च वजा जाता" म्हटलं आणि तिकीटविक्रीवाल्याचे १० टक्के (३,२००) व साउंडचे ४,००० आधी कापले, तर २४,८०० चे ७० टक्के म्हणजे १७,३६०. तीन शब्दांत पाच हजार गेले. वर हे दोन बँडमध्ये वाटायचं की प्रत्येकी, तेही लिहून घ्या. संगीत कार्यक्रमाचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी नाही, पुढे १८ टक्के. त्यामुळे ४९९ हा आकडा सगळ्यांनाच सोयीचा. पैसे कधी मिळणार त्याची तारीख, रद्द झालं तर काय, प्रवास कुणाचा, जेवण किती जणांचं आणि यादीत पाहुणे किती, एवढं झालं की पुरे. पॅन द्या, नाहीतर टीडीएस कापायची वेळ आली तर तो २० टक्क्यांनी कापतात.

ते जुनं गाणं: दुसऱ्याची रचना लोकांसमोर वाजवायची तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा) परवाना लागतो. तो आयोजकानं काढायचा असतो, बँडनं नाही. गाण्याचं नाव आणि गीतकार-संगीतकार सेटलिस्टमध्ये लिहून द्या. तुमच्या स्वतःच्या गाण्यांसाठी तुम्हीही सभासद व्हा, सेटलिस्ट भरून दिली तर तुमचाही हिस्सा निघतो. हे काम कंटाळ्यानं कुणी करत नाही.

ड्रमर: महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं लागतात, म्हणून बरेच क्लब दारातच २१ खालच्यांना अडवतात. वाजवणाऱ्याला सोडतात, पण ते व्यवस्थापकाकडून ईमेलवर घ्या. दारावरचा माणूस तुम्हाला ओळखत नसतो.

आणि हे नक्की विचारा: स्टेज बंद खोलीत आहे की अंगणात? उघड्यावर लाउडस्पीकर रात्री १० ला बंद म्हणजे बंद, २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. अंगण असेल तर साडेनऊच्या तुमच्या स्लॉटमधली शेवटची १५ मिनिटं गेलीच. मुंबईच्या रंगभवनसारखं रॉकचं हक्काचं खुलं नाट्यगृह याच नियमांतल्या शांतता क्षेत्रानं मुकं केलं. बंद खोलीतही आत-बाहेर करताना दार उघडं ठेवलं की बेस रस्त्यावर जातो आणि तक्रार येते.

आत गेलात की मागचं दार कुठे आहे ते बघून ठेवा आणि वाद्यांच्या पेट्या त्या वाटेत रचू नका. २०१७ च्या डिसेंबरात कमला मिलच्या आगीत १४ माणसं गेली, ते आवार इथून जवळच आहे.

बोहारीण:

कपड्यांसाठी नवीन खरेदी करू नका, हे आधी. या गर्दीत नवाकोरा, दुकानाच्या घडीचा शर्ट लांबून ओळखू येतो. गंमत बघा, जिथे कापड विणणारे घाम गाळत होते त्याच आवारात आता जुनं, ढगळ, कामगाराच्या सदऱ्यासारखं घालायची फॅशन आहे. तुमच्या आजोबांच्या ट्रंकेत जे आहे त्यासाठी तिथले लोक पैसे मोजतात.

जुना शर्ट मापात आहे का हे आकड्यावर ठरवू नका, जुने आकडे आजच्याशी जुळत नाहीत. शर्ट जमिनीवर पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजा. २१ इंच म्हणजे छाती ४२. ड्रमरला काखेत चार इंच सैल हवंच, नाहीतर तिसऱ्या गाण्याला शिवण उसवते. डांबराच्या गोळ्यांचा वास एका धुण्यानं जात नाही. दोन दिवस सावलीत वाऱ्यावर टांगा, मग धुवा. विकत घ्यायचंच असेल तर दुपारी वांद्र्याच्या हिल रोडला किंवा चर्चगेटजवळच्या फॅशन स्ट्रीटला एक्स्पोर्टचा माल चाळा. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून बोलायला लागा. "व्हिंटेज" टी-शर्टची छपाई सगळीकडे सारखीच तडकलेली दिसली तर ती कारखान्यात तडकवलेली आहे, खरी जुनी छपाई पोटाच्या घडीवर आधी जाते.

कोऱ्या, न धुतलेल्या जीन्सची नीळ घामानं सुटते आणि पांढऱ्या गिटारच्या पाठीला लागते. मीठ-व्हिनेगरनं नीळ पक्की होते हे थोतांड आहे. दोन-तीनदा धुऊन काढा. मोठ्या बकलचा पट्टा असेल तर बकल बाजूला सरकवा, गिटारची पाठ वाचेल.

बारीक रेघांचा शर्ट नको, मोबाइलच्या कॅमेऱ्यात लाटा दिसतात. कापड सुती. कोल्हापुरी पायतान तिथे खूप खपेल, पण गिटारवाल्यानं घालू नये: चामड्याचा तळ गुळगुळीत, पाय पेडलवरून घसरतो आणि पुढच्या टोकानं शेजारचं बटण दाबलं जातं. गाणाऱ्यानं खुशाल घालावं. चौघांनी एकसारखे कपडे मात्र घालू नका, ऑर्केस्ट्रा वाटेल.

पंचगंगाकाठ:

लई उपकार! क्लबला विचारलं, स्टेज बंद खोलीत आहे. ड्रमरचं ईमेलवर मागितलंय. गिटारवाल्याचं पायतान काढून घेतलं, तो रुसलाय. परतीचं कुणी सांगेल का? सव्वादहाला वाजवून होईल.

शेवटचा डबा:

सव्वादहाला वाजवून होईल, पण सामान आवरून, पैशांचं बोलून बाहेर पडायला साडेअकरा धरा. महालक्ष्मी एक्स्प्रेस सीएसएमटीहून रात्री साडेआठच्या सुमारास सुटते, ती तुमच्यासाठी नाही. मुक्काम दादर-परळला करा आणि सकाळी पावणेनऊच्या सुमाराची कोयना एक्स्प्रेस पकडा. करी रोडहून स्लो लोकलनं सीएसएमटी जवळ पडतं, पण सकाळी त्या वेळेला झांजांच्या पिशव्या घेऊन चढणं सोपं नाही. सामानाचा डबा बघूनच उभे राहा, नाहीतर सरळ टॅक्सी.

रात्री रिक्षा शोधत बसू नका, वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा चालतच नाहीत. काळी-पिवळीला मध्यरात्री १२ ते पहाटे ५ मीटरवर २५ टक्के जादा असतं, ते कायदेशीर आहे. चौघं, स्नेअर, झांजा, गिटार, बेस, अँप आणि ढोलकी एका टॅक्सीत मावत नाही, दोन लागतील. खर्चात आत्ताच धरा आणि अँप क्लबचाच वापरता येतो का ते विचारून घ्या.

मिक्सरमागचा:

अँप क्लबचा असेल तर मॉडेल विचारा, तो वॉटनं नव्हे तर आवाजाच्या जातीनं वेगळा लागतो. आणि सेट ४५ चा असला तरी गाणी ३८ मिनिटांचीच बसवा. ढोलकी गळ्यात अडकवायला आणि लॅपटॉप उठवायला उरलेली जातात, आणि डीजे घड्याळ बघत बाजूला उभा असतो.