मदत हवी आहे: आत्याच्या घरच्या प्रार्थनेत कुठलं वचन वाचू?

जय ख्रिस्त सगळ्यांना. आत्याचा तरणाताठा मुलगा मागच्या महिन्यात अ‍ॅक्सिडेंटमध्ये गेला आणि तेव्हापासून ती चर्चला येतच नाहीये. राग देवापेक्षा माणसांवर जास्त आहे असं मला वाटतं, कारण मातीच्या दिवशीच कोणीतरी म्हणालं देवाला तो जास्त आवडला म्हणून नेला, दुसरी म्हणाली विश्वास ठेव रडू नको, आणि ही बिचारी मोरीत कप विसळत सगळं ऐकत होती.

आता पाळकसाहेबांनी रविवारी तिच्या घरी वचन वाचायचं माझ्यावर टाकलंय. बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक डोक्यात आहे, त्याचीही सगळी मुलं मरतात, पण शेवटचा अध्याय नको, त्यात त्याला परत मुलं होतात, ते आत्यासमोर कसं वाचणार? दुसऱ्या अध्यायाचा शेवट बरा वाटतो, मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात नि एक शब्द बोलत नाहीत (तोंड उघडल्यावरच सगळा घोळ केला त्यांनी). नाहीतर योहानाच्या शुभवर्तमानाचा 11वा अध्याय, मेलेल्या लाजराला उठवणार हे माहीत असूनही येशू रडतो, पण आत्या म्हणेल लाजराच्या बहिणींचा भाऊ उठला, माझा मुलगा? स्तोत्र 88 पण बघितलं, ते अंधारातच संपतं, मला ते सगळ्यात खरं वाटतं, पण घरात म्हातारे आजोबा आहेत, त्यांना झेपेल का?

ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी प्लीज सांगा, तेव्हा कुठलं वचन ऐकवत होतं? की आत्यालाच आधी फोन करून विचारू?